चतुरांच्या मागे: रंकाळा ते धामापूर

"पितृपक्षात कुठं निघालाय?" सासूबाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ह्यांनी मान खाली घालून बॅटरी चार्जिंगला लावली आणि उत्तर मला द्यावं लागलं. खरं उत्तर असं होतं की पितृपक्षात आंबोलीत खोली निम्म्या दरात मिळते. शिवाय पाऊस सरता सरता जे पिवळं ऊन पडतं ना, त्यात चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, बाहेर पडतात. दसऱ्यापर्यंत थांबलं असतं तर ऊनही मिळालं असतं आणि धबधब्याखाली स्पीकर लावून नाचणारी मंडळीही. सासूबाईंना मात्र एवढंच सांगितलं, "ऑफिसचं काम आहे ह्यांचं." हे दोन वर्षांपूर्वीच रिटायर झालेत. सासूबाईंनी फक्त चष्म्यावरून बघितलं.

आमच्या घरात चतुरांचं वेड ह्यांनी आणलं आणि मला लागलं. फरक एवढाच की ह्यांना फोटो हवा असतो आणि मला बसायला दगड. ह्यांच्या गळ्यात हाताएवढी लेन्स, माझ्या पिशवीत जुनी दुर्बीण, वही आणि चिवडा. दुर्बीण पक्ष्यांसाठी घेतली होती. पण जवळचं स्पष्ट दाखवणारी निघाली आणि पक्षी मागे पडले.

निघायच्या आदल्या संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर मारली. काठाच्या गवतावर नारिंगी पंखांचे छोटे चतुर एका काडीवरून उठून दुसरीवर बसत होते. ह्या चतुरांचं इंग्रजी नाव 'डिच ज्वेल', म्हणजे गटारातलं रत्न. शास्त्रीय नाव तर आणखी फटकळ: ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. शहराचं सांडपाणी येऊन मिळतं, शेवाळ माजतं, तिथं बाकीचे चतुर काढता पाय घेतात आणि हे सुखानं नांदतात. "याचा फोटो नको?" मी विचारलं. "हा काय, रोजचाच आहे," हे म्हणाले. मी वहीत पहिलं नाव त्याचंच लिहिलं.

पहिला दिवस: कोल्हापूर ते आंबोली

उत्तूरच्या पुढं रस्त्याची जी अवस्था आहे, तिच्यावर लिहायचं नाही असं ठरवलंय. आजऱ्याच्या अलीकडं चहाला थांबलो. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. टपरीशेजारच्या मोकळ्या मैदानावर, जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर, शेकडो चतुर घिरट्या घालत होते. पिवळसर सोनेरी अंग, रुंद मागचे पंख, आणि बसायचं नाव नाही. चहावाला म्हणाला, "हे दिसायला लागले की पाऊस जातो बघा." आमच्याकडं सगळे असंच म्हणतात.

हा पँटाला फ्लॅवेसेन्स. ह्याचा मुक्काम कुठल्याच पाण्याशी बांधलेला नाही. पावसानं साचलेल्या डबक्यात मादी अंडी घालते आणि डबकं आटायच्या आत, पाच-सहा आठवड्यांत, पिल्लं वाढून पंख फुटून उडून जातात. मग वाऱ्यावर स्वार होऊन पुढचा पाऊस गाठायचा. मालदीव बेटांवर राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन नावाच्या सागरी जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला की जिथं गोड्या पाण्याचं तळं जवळजवळ नाहीच, तिथं दरवर्षी ऑक्टोबरात हजारो चतुर येतात कुठून? त्यानं वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि 2009 साली मांडलं की हे भारतातून निघतात, समुद्रावरून मालदीव आणि सेशेल्समार्गे पूर्व आफ्रिकेत उतरतात, आणि पुढच्या पिढ्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर परत येतात. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर, आणि एकटा कुणीच पूर्ण फेरी मारत नाही. निघणारा पणजोबा, पोचणारा पणतू.

मी हे चहावाल्याला सांगितलं. त्यानं वर बघितलं, परत किटली हलवली आणि म्हणाला, "आफ्रिका? आणि आमची एसटी सावंतवाडीला वेळेत पोचत नाही."

आंबोलीत दुपारी तीनला पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट की गाडीचे दिवे लावावे लागले. चतुर ही उन्हाची जात. ढग आला की पानाखाली जाऊन बसतात, आणि मग तुम्ही कितीही पायपीट करा. त्यामुळं भजी खाल्ली आणि झोपलो. रात्री जेवताना मात्र आम्ही उतरलो त्या घरच्या काकू एकदम "अगं बाई!" म्हणून मागं सरल्या. ट्यूबलाइटवर काहीतरी धडाधड आपटत होतं. तपकिरी, बोटाएवढं लांब, डोक्याला डोळ्यांशिवाय काही नाही असं वाटावं इतके मोठे हिरवट डोळे. गायनाकँथा. हा चतुर दिवसभर जंगलातल्या गर्द सावलीत लोंबकळत बसतो आणि तिन्हीसांजेला डासांच्या मागे निघतो. दिव्याला भुलून घरात शिरणं त्याच्या नेहमीचं. काकूंना वाटलं, चावतो. चावत नाही, डंखही नाही, शेपटीला दिसतं ते टोक मुळी नांगी नव्हेच. मी दिवा घालवायला सांगितला. अंधारात दोन मिनिटं सगळे गप्प बसलो, आणि ते खिडकीतून गेलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही हे बघायला कोल्हापुरास्नं आलाय?"

दुसरा दिवस: हिरण्यकेशी

सकाळी लवकर जायची ह्यांची सवय इथं उपयोगाची नाही. पक्ष्यांना पहाट लागते, चतुरांना पोळी-भाजी खाऊन निघालं तरी चालतं. ऊन ओहोळाच्या दगडांवर पोचायला साडेनऊ वाजतात.

हिरण्यकेशीचं मंदिर म्हणजे एका गुहेच्या तोंडाशी बांधलेलं देऊळ. आतून पाणी येतं, कुंडात पडतं आणि तिथून नदी सुरू होते. तीच पुढं आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात घटप्रभेला मिळते. ह्या कुंडाजवळच्या पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी नावाची बोटाएवढीही नसलेली मासळी सापडली, 2020 मध्ये तिची नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. लोक कुंडात वाकून मासे बघतात, नाणी टाकतात, सेल्फी काढतात आणि निघतात. आम्ही देवाला हात जोडून मंदिराखाली, जिथं ओहोळ झाडीत शिरतो तिथं गेलो.

आधी काहीच दिसलं नाही. नेहमी असंच होतं. पाण्याचा आवाज, वरून थेंब, पायाशी ओलं शेवाळ. मी एक सपाट दगड बघून बसले आणि चिवड्याची पुडी सोडली. पाच-सात मिनिटांनी डोळे सावलीला सरावले आणि समोरच्या झुडपात एक, दोन, मग अकरा टाचण्या मोजल्या.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. पंख आडवे पसरून बसतो तो चतुर, पाठीवर मिटून बसते ती टाचणी, ही ढोबळ ओळख. काही टाचण्या पंख अर्धवट उघडेही ठेवतात. पण टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना लांब लांब असतात, डंबेल्ससारखे, तिथं फसगत होत नाही. ह्यापलीकडं मराठीत एकेका जातीला नावं फारशी रुळलेली नाहीत. म्हणून मग इंग्रजी नावांवर भागवावं लागतं.

तर ह्या अकरा जणी 'फॉरेस्ट ग्लोरी', शास्त्रीय नाव व्हेस्टालिस. अंग झळझळीत हिरवं, तांब्यापितळेच्या भांड्याला चिंच लावल्यावर जशी चकाकी येते तशी, फक्त हिरव्या रंगात. पंख काचेसारखे. काहींच्या पंखांची टोकं काळी, म्हणजे त्या एपिकॅलिस. गंमत अशी की पाण्यापासून चार-पाच पावलं आत, सावलीत, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून बसल्या होत्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या. एखादी उठायची, समोरून चाललेलं चिलट धरायची आणि नेमकी त्याच पानावर परत यायची.

ऊन मधल्या दगडांवर आलं आणि ओहोळाचा ताबा दुसऱ्यांनी घेतला. आधी दिसला तो 'स्ट्रीम ग्लोरी'. बसलेला असताना तो साधाच, काळपट काडी. पण उडाला की मागच्या पंखांमधून मोरपिशी हिरवा रंग असा उघडझाप करतो की कुणीतरी आरसा हलवतंय असं वाटावं. पुढचे पंख पारदर्शक आणि उडायचं काम मुख्यतः त्यांचं, मागचे मिरवायला. न्यूरोबेसिस ह्या शास्त्रीय नावाला ते रूप शोभत नाही.

हे तोवर पाण्यात उतरले होते. माझं लक्ष मात्र दोन दगडांच्या मधल्या तीन वितींच्या जागेवर खिळलं. तिथं 'स्ट्रीम रूबी'चे दोन नर समोरासमोर, नाकाला नाक लावून, हवेत लटकले होते. जेमतेम दोन बोटं लांबीचा जीव. छाती काळी, तिच्यावर गुलाबी-जांभळा त्रिकोण, पंखांची टोकं काळी आणि ऊन पडलं की त्यात निळसर झाक. एक वर सरकला की दुसरा वर, एक मागं गेला की दुसरा पुढं. मारामारी नाहीच, नुसती टक्कर द्यायची धमकी. पाण्यात अडकलेल्या एका कुजक्या फांदीवरून हे भांडण चाललं होतं, कारण माद्या अंडी घालतात त्या अशाच ओल्या कुजक्या लाकडात. ज्याच्याकडं फांदी त्याच्याकडं बायको. कोल्हापुरात गुंठ्यावरून चालतं ते इथं फांदीवरून.

सात मिनिटं चाललं ते. घड्याळ लावलं होतं मी. मग एक जण कंटाळल्यासारखा खालच्या डोहाकडं गेला. जिंकलेला फांदीवर बसला, पंख मिटले, आणि पुढच्या पायांनी डोळे पुसले. हे डोळे पुसणं मला फार आवडतं. तीस हजारांच्या आसपास बारीक भिंगं असतात मोठ्या चतुरांच्या एकेका डोळ्यात, ती स्वच्छ तर ठेवायला हवीत. पायांचा चालायला मात्र काही उपयोग नाही. उडताना सहाही पाय पुढं घेऊन त्यांची टोपली करायची आणि त्या टोपलीत हवेतल्या हवेत किडा झेलायचा.

"अहो, इकडे या, पण हळू," मी म्हटलं. हे हळूच येत होते. पण शेवाळाला हळू-जोरात कळत नाही. दोन्ही पाय एकदम सुटले आणि हे कमरेपर्यंत पाण्यात बसले, कॅमेरा मात्र डोक्यावर धरून, वसुदेवानं टोपली धरावी तसा. रूबी उडाला. फॉरेस्ट ग्लोरींच्या प्रार्थनेत जराही खंड पडला नाही.

ओले कपडे सुकेपर्यंत उन्हातल्या खडकावर बसावं लागलं आणि तेच फळलं. त्या खडकाच्या धारेला लाल-काळी 'टॉरेंट डार्ट' आली, युफिया फ्रेझरी. सह्याद्रीबाहेर ही कुठं मिळत नाही. फ्रेझरी हे नाव ज्यांच्यावरून पडलं, ते लेफ्टनंट कर्नल एफ. सी. फ्रेझर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले शल्यविशारद. दवाखाना सांभाळून दक्षिणेतले ओढे पालथे घातले आणि 1933 ते 1936 या काळात भारतातल्या चतुर-टाचण्यांवर तीन जाड खंड लिहिले. आजही ओळख पटवताना त्यांच्यापर्यंत जावं लागतं. ह्यांना मी म्हटलं, "बघा, नोकरी करूनही माणसं काय काय करतात." हे मोजे पिळत होते.

दुपारी एकच्या सुमाराला स्ट्रीम ग्लोरीची मादी आली. तिला तो हिरवा झगमगाट नाही, तपकिरी पंख आणि त्यावर पांढरे ठिपके. पाण्यात लोंबणाऱ्या मुळ्यांवर ती उतरली, पोट वाकवलं आणि एकेक अंडं मुळीत टोचत खाली सरकत गेली. नर वरून पहारा देत होता. तो पहारा प्रेमाचा म्हणावा तर तसं नाही. दुसऱ्या नरानं मादीला गाठलं तर तो आधीच्याचं बीज खरवडून काढून मगच आपलं ठेवतो, त्या अवयवाला तशी आकडीच असते. मग डोळ्यात तेल घालून राखण करण्यावाचून गत्यंतर नाही.

त्या मुळीतून जे बाहेर येईल, त्याला कुणी चतुर म्हणणार नाही. पाण्यातलं पिल्लू मातकट, बिनपंखाचं. खालचा ओठ हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला आणि त्याच्या टोकाला आकडे. भक्ष्य टप्प्यात आलं की घडी उलगडते, झपकन. चतुराची पिल्लं श्वास घेतात मागच्या वाटेनं. आतड्याच्या शेवटी कल्ले असतात, तिथं पाणी आत घ्यायचं. आणि जीवावर बेतलं तर तेच पाणी जोरात सोडून पिचकारीसारखं पुढं सटकायचं. टाचण्यांच्या पिल्लांना शेपटीला तीन पानांसारखे कल्ले. जंगलातल्या ओढ्यात कित्येक जातींची पिल्लं अशीच महिनोन् महिने काढतात. आपण जे उडताना बघतो ते शेवटचे काही आठवडे. म्हणजे चतुर हा मुळात पाण्यातला प्राणी, हवेत येतो तो लग्नापुरता.

मी हे असं म्हटल्यावर हे म्हणाले, "आणि आपण लग्नानंतर पाण्यात."

तिसरा दिवस: चौकुळ

चौकुळला जायचं ते एका चतुरासाठी. बर्मागोम्फस चौकुलेन्सिस, 2022 मध्ये ह्याच गावाच्या नावानं जगाला माहीत झालेला. काळ्या अंगावर पिवळे पट्टे, शेपटीचं टोक गदेसारखं फुगलेलं. आम्ही तीन ओहोळ बघितले. नाही दिसला. दिसणार नव्हताच, हे आमच्या नंतर लक्षात आलं. एका घराच्या पडवीत सुपारी कातरत बसलेल्या आजोबांना ह्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून, जवळ धरून बघितला. "हे मिरगाच्या टायमाला असतंत. आता खंय मेळतले!" गदाधारी चतुरांचं बहुतेकांचं असंच. वाळूत, गाळात स्वतःला पुरून घेऊन पिल्लू वाढतं आणि पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस बाहेर येतं. आम्ही इतकी पुस्तकं चाळली आणि पंचांग बघायचं विसरलो.

मग सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, आत्ता त्यावर वीतभर पाणी आणि फुलं. निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे, मध्ये पांढरे गेंद. इथलं पाणी उथळ, उन्हानं कोमट, दोन महिन्यांनी राहणारही नाही. ओहोळातल्या एकीचाही इथं पत्ता नव्हता. त्याऐवजी निळसर 'ग्राउंड स्किमर' खडकाला चिकटून, काळे-पांढरे पंख असलेले 'पाइड पॅडी स्किमर' भाताच्या बांधावर, आणि सड्याच्या कडेला जिथं झाडी सुरू होते आणि पाणी गवतातून पाझरतं, तिथं ह्या सफरीतला माझा सगळ्यात आवडता: एपिथेमिस मारिए. काळ्या अंगावर पिवळे पट्टे आणि शेपटीला जळत्या निखाऱ्यासारखा लाल. हाही फक्त सह्याद्रीचा. गवताच्या पात्यावर बसून राहिला आणि ह्यांना हवे तितके फोटो दिले. "सभ्य आहे," हे म्हणाले.

पण त्या दिवशीचं जे मनात राहिलंय ते वेगळंच. गवतात दवबिंदूची झाडं होती, ती किडे खाणारी, पानांवर चिकट थेंब असलेली. एका झाडाच्या पानांत टाचणी अडकली होती, आपल्याकडची सगळ्यात लहान, अॅग्रिओक्नेमिस, पाऊण इंचाची असेल नसेल. तीन पंख चिकटले होते, चौथा मोकळा. तो थरथरत होता, थांबत होता, परत थरथरत होता. डोकं मात्र ती इकडून तिकडं वळवत होती, समोरून एक चिलट गेलं त्याच्याकडंही वळवलं. चतुर-टाचण्यांची मान इतकी नाजूक असते की डोकं जवळजवळ एका टाचेवर पेललेलं. ह्यांनी विचारलं, "सोडवू?" मी विचार करेपर्यंत पाऊस आला. खराखुरा, सड्यावरचा, आडवा. छत्री उलटली आणि आम्ही गाडीकडं पळालो. तासाभरानं ढग उघडला तेव्हा ती जागा काही सापडली नाही.

रात्री काकूंनी कुळथाची पिठी केली होती. वहीत त्या दिवसाच्या पानावर शाई फुटलीय.

चौथा दिवस: घाट उतरून धामापूर

घाट उतरताना कान दडपले आणि स्वेटर निघाले. सावंतवाडीत मोती तलावाला अर्धी फेरी मारली. भर गावातलं तळं, काठाला वाहनं. तरी पाण्यातून वर आलेल्या काठीवर मोठा काळा-पिवळा 'क्लबटेल' बसला होता, इक्टिनोगोम्फस. चौकुळनं नाही दिला तो भाऊबंद इथं बाजारात भेटला. हा गदाधारी तळ्यातला, त्याला ओहोळ लागत नाही आणि मिरगाचाही अडसर नाही.

कुडाळवरून नेरूरपारचा पूल ओलांडून मालवणच्या रस्त्यावर धामापूर. तीन बाजूंनी झाडीचे डोंगर आणि चौथ्या बाजूला बांध. विजयनगरच्या काळात, 1530 साली, इथले मांडलिक नागेश देसाई यांनी हा तलाव बांधवून घेतला, आणि 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. इतकी वर्षं खालची शेती ह्यावर पिकते. काठाला भगवतीचं देऊळ आहे, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात.

भर दुपारी आम्ही त्या पायऱ्यांवर. घाम निथळत होता. समोर गवताच्या शेंड्यांवर गुलाबी 'मार्श ग्लायडर', ट्रायथेमिस ऑरोरा, आठ-दहा नर, आणि सगळ्यांनी शेपट्या सरळ आभाळाकडं केलेल्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल कवायत चाललीय. सूर्य डोक्यावर असताना शेपटी त्याच्याच दिशेनं उभी केली की अंगावर ऊन कमीत कमी पडतं. बारा वाजता सगळ्या शेपट्या उभ्या, दीडच्या सुमाराला किंचित कललेल्या. सावलीच्या घड्याळाचे काटेच. मी पदर डोक्यावर घेतला, त्यांना तेवढी सोय नाही.

पाण्यावर 'पिक्चरविंग' तरंगत होते. पिवळ्या पंखांवर काळी नक्षी, आणि उडणं असं लाडिक की फुलपाखरूच वाटावं. त्यांच्यामधून एक भला मोठा 'अॅनॅक्स' गस्त घालत गेला, न बसता, एकाच उंचीवरून, वळणही त्याच जागी. चारही पंखांना स्वतंत्र स्नायू असल्यामुळं जागच्या जागी थांबणं, मागं जाणं, काटकोनात वळणं, सगळं जमतं. ह्यांनी त्याचे एकशेचाळीस फोटो काढले. त्यातल्या एकशेतीसमध्ये नुसतं पाणी आहे.

तलावाच्या वरच्या अंगाला झाडीतून एक बारीक झरा येतो. तिथं अंधारात, पाण्यावर वाकलेल्या वाळक्या काटकीवर टेट्राथेमिसची मादी अंडी चिकटवत होती, पाण्यात नव्हे, पाण्याच्या वर हातभर. पिल्लं बाहेर पडली की थेट टपकन खाली. काटकीखाली पाणी राहील, हे तिनं आधीच बघितलेलं. पन्नास पावलांवर उघडं तळं, पण ती तिकडं जात नाही आणि तळ्यातला पिक्चरविंग इकडं येत नाही. आपल्याला दोन्हीकडं पाणीच दिसतं.

परत येताना बांधावर दोन पोरं भेटली. थोरल्यानं एका ग्राउंड स्किमरच्या शेपटीला दोरा बांधला होता. "हेलिकॉप्टर!" मला म्हणाला. मी काय बोलणार? लहानपणी आमच्या वाड्यात सगळ्यांत जास्त हेलिकॉप्टरं माझी होती. त्याला दुर्बीण दिली, उलटी-सुलटी करून दाखवली, आणि दोरा माझ्याकडं मागून घेतला. गाठ सोडवायला नखं पुरेनात, शेवटी ह्यांच्या लेन्सच्या पिशवीतली कात्री काढली. सुटला तो, पण शेपटीचं टोक वाकलेलं होतं.

संध्याकाळी हे सुरमईच्या आशेनं खानावळीत शिरले आणि तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. त्यांनी पितृपक्षाची आठवण करून दिली. सोलकढी, भात आणि बटाट्याची भाजी.

पाचवा दिवस: जांभा आणि घर

सकाळी निघताना एका जांभ्याच्या गडग्यापाशी ह्यांनी गाडी एकदम थांबवली. मला दगडांशिवाय काही दिसेना. मग एक दगड जरा हलला. करड्या-तपकिरी ठिपक्यांचा चतुर भिंतीला पोट लावून, पंख भिंतीला टेकवून बसला होता. ब्रॅडिनोपायगा. आपल्या घराच्या भिंतींवर, कंपाउंडवर बसतो तो 'ग्रॅनाइट घोस्ट' ह्याच कुळातला. पण किनाऱ्याच्या बाजूचा एक वेगळा आहे हे 2020 मध्ये लक्षात आलं आणि त्याचं नाव पडलं ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस. कोकणात माणसं पिढ्यान् पिढ्या ज्या चिऱ्याच्या भिंतींना पाठ टेकून बसली, त्याच भिंतीवर तो. सिंधुदुर्गातल्याच दलदलीतून सेरिएग्रिऑन क्रोमोथोरॅक्स नावाची टाचणी 2019 मध्ये नव्यानं नोंदली गेली. म्हणजे चार वर्षांत एका जिल्ह्याच्या नावावर तीन. गडग्यावरचा आमचा कोणता, ह्यावर फोंडा घाट चढेपर्यंत वाद झाला. हे कोकणी म्हणतात, मी घोस्ट. वहीत मी घोस्टच लिहिलंय.

दाजीपूरला धुकं, राधानगरीला ऊन. थांबलो नाही, ह्यांची कंबर धरली होती, हिरण्यकेशीतल्या आसनाची.

घरी पोचलो. वहीत एकतीस नावं, ह्यांच्या हिशोबानं बत्तीस. सासूबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "ऑफिसचं काम झालं?" मग म्हणाल्या, गच्चीवरची जुनी सिमेंटची टाकी पाच दिवस तशीच आहे, हिरवी झालीय, उद्या धुऊन टाका. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घासणी घेऊन वर गेले. टाकीच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या वर चार बोटं, एक कात चिकटलेली होती. पाठीवर उभी चीर, आत पोकळ, सहा पाय सिमेंटला घट्ट रोवलेले, आणि चिरेतून बाहेर आलेले पांढरे धागे. शेजारी कठड्यावर घोस्ट बसला होता, कोरा, पंख अजून ओले चमकत होते.

वाकून बघितलं तर पाण्यात खाली, शेवाळात, आणखी दोन.

घासणी घेऊन खाली आले. सासूबाईंना म्हटलं, टाकीचं पुढच्या महिन्यात बघू.